स्टेअरिंग थरथरतंय? गॅरेजात जायच्या आधी एवढं स्वतः बघून घ्या

मागच्या पावसाळ्यात मी दोन टाय रॉड एंड (स्टेअरिंग चाकाला जोडणाऱ्या दांड्याचं टोक), एक लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) आणि वर एक व्हील अलाइनमेंट एवढं सगळं करून घेतलं, आणि शेवटी कारण काय निघालं तर रिमच्या आतल्या बाजूला वाळून बसलेला मूठभर चिखल. ताम्हिणीत धबधबा बघायला म्हणून गाडी रस्त्याच्या कडेला उतरवली होती, पुढचं डावं चाक चांगलंच रुतलं, चार पोरांनी ढकलून काढून दिलं, मग घरी आलो आणि गाडी दोन दिवस सोसायटीत उभी राहिली, चिखल मस्त विटेसारखा वाळला. सोमवारी बायपासला ८० ला स्टेअरिंग असं थरथरायला लागलं की हाताला झिणझिण्या. गॅरेजवाल्याला मी एवढंच म्हणालो, "दादा, स्टेअरिंग व्हायब्रेट होतंय, बघा जरा." त्याने एकेक पार्ट बदलत नेला. त्याला तरी किती बोलणार, मी सांगितलंच काय होतं? कुठल्या स्पीडला, ब्रेक मारताना की नुसतं चालताना, सीटला पण जाणवतं का, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. त्यानेही विचारलं नाही ही गोष्ट वेगळी.

त्यामुळे ज्यांनी नुकतीच गाडी घेतलीय, त्यातही सेकंड हँड, त्यांच्यासाठी हे लिहितोय. सगळं रिपेअर घरी करायचं नाहीये. फक्त "कधी थरथरतं" याचं उत्तर घेऊन गॅरेजात जायचंय, निम्म्याहून जास्त काम तिथेच होतं.

आधी गाडी चालवून बघा

पुण्यात गंमत अशी आहे की आठवडाभर गाडी कर्वे रोड नाहीतर सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये ३०-४० च्या वर जातच नाही, त्यामुळे हा प्रॉब्लेम महिनोन् महिने लपून राहतो आणि लोणावळ्याला निघालं की किवळ्याच्या पुढे एक्सप्रेसवेला लागल्यावर एकदम समोर येतो. म्हणून टेस्ट करायला मोकळा, सरळ, चांगला रस्ता पाहिजे. रविवारी सकाळी सहाला निघा, एक्सप्रेसवेवर कारला सपाट भागात १०० ची लिमिट आहे, तेवढं पुरतं, त्याच्या वर जायची काही गरज नाही. नवले पुलाच्या उतारावर मात्र हे प्रयोग करू नका, तिथे आधीच मागून ट्रक कसे येतात ते सगळ्यांना माहितीये.

शेजारी कुणाला तरी बसवा आणि त्याला मोबाइलवर लिहायला सांगा. आपण चालवता चालवता लक्षात ठेवू म्हटलं तर घरी येईपर्यंत सगळं विसरतं. हळूहळू स्पीड वाढवायचा, ४०, ६०, ८०, १००, आणि प्रत्येक ठिकाणी थोडा वेळ तोच स्पीड धरून ठेवायचा. काय बघायचं ते सांगतो.

एक म्हणजे थरथर एका ठरावीक स्पीडला येते का. बऱ्याच गाड्यांमध्ये ८० च्या आसपास सुरू होते, ९०-१०० ला जोरात असते आणि त्याच्या पुढे कधीकधी कमीपण होते. असं असेल तर बहुतेक वेळा चाकाचं बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं राहावं म्हणून रिमवर छोटी वजनं लावतात ते) गेलेलं असतं. थरथर हातात असेल तर पुढची चाकं, आणि स्टेअरिंग शांत पण सीट, फ्लोअर हलतंय असं असेल तर मागची.

दुसरं, नुसतं चालताना काही नाही पण ब्रेकवर पाय ठेवला की स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलतं. हे डिस्कचं दुखणं (डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती, ब्रेकचे पॅड तिलाच दाबून धरतात). याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय कारण पुणेकरांना घाटांमुळे हे जास्त होतं.

तिसरं, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की थरथर, सोडला की गायब. थरथर चालू असताना एकदा अ‍ॅक्सिलरेटर सोडून क्षणभर क्लच दाबून बघा (गाडी बंद करू नका बरं का, पॉवर स्टेअरिंग जातं आणि ब्रेकपण दगडासारखा होतो). स्पीड तोच असताना थरथर तशीच राहिली तर चाक, एकदम थांबली तर अ‍ॅक्सलचा (इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट.

चौथं, अगदी कमी स्पीडला, २०-३० ला, गाडी बैलगाडीसारखी डुलते. हे मला सगळ्यात जास्त घाबरवतं. टायर आतून फाटलेला असू शकतो, रिम जोरात वाकलेली असू शकते, किंवा चाकाचे नट ढिले असू शकतात. हे दिसलं की टेस्ट तिथेच बंद, गाडी कडेला, खाली उतरून आधी नट हाताने आणि मग पान्याने बघायचे.

आणि गाडी उभी असतानाच, सिग्नलला, स्टेअरिंग थरथरत असेल, एसी लावला की वाढत असेल, तर चाकांच्या नादी लागूच नका, ते इंजिनकडून येतंय. इंजिन माउंटिंगचं रबर बसलेलं असतं नाहीतर एखादा सिलेंडर नीट फायर होत नसतो. न्यूट्रलमध्ये उभं राहून रेस करून बघा, तिथेही तशीच थरथर आली की झालं, प्रश्न मिटला, पुढचं सगळं वाचायची गरज नाही.

एवढंसं वजन एवढा त्रास कसा देतं

मला हे आधी पटायचं नाही की रिमवरचा वीस ग्रॅमचा वजनाचा तुकडा पडला म्हणून हजार किलोची गाडी हलेल. मग एकदा कागदावर हिशोब केला. १७५/६५ आर १४ टायर धरा, छोट्या गाड्यांना हाच असतो बऱ्याचदा. त्याचा व्यास साधारण ५८ सेंटिमीटर, म्हणजे एका फेरीत चाक १.८३ मीटर जातं. ९० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २५ मीटर पळते, म्हणजे चाक सेकंदाला साडेतेरा फेऱ्या मारतं. रिमच्या कडेला २० ग्रॅम जास्त असेल तर या स्पीडला ते चाकाला बाहेरच्या बाजूला जवळजवळ अडीच-पावणेतीन किलोच्या जोराने खेचतं, आणि ते पण प्रत्येक फेरीत, सेकंदाला साडेतेरा वेळा. ४५ ला हाच जोर चौथाई होतो, कारण स्पीड दुप्पट झाला की जोर चौपट होतो. म्हणून गावात काही कळत नाही. आता विचार करा माझा तो चिखल किती ग्रॅमचा असेल.

गाडी उभी असताना बघायचं

सकाळी, गाडी थंड असताना. हवा आधी बघा. किती हवा पाहिजे ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पत्र्यावर स्टिकर असतं, त्यावर लिहिलेलं तेवढीच भरायची. पंपावरचा माणूस विचारतो "किती मारू" आणि आपण म्हणतो "चाळीस मार", हे बंद करा. जास्त हवेने थरथर तयार होत नाही पण रस्त्यावरचा प्रत्येक खडा स्टेअरिंगला जाणवायला लागतो आणि टेस्टचा सगळा घोळ होतो.

मग चारही टायर हाताने चाचपा, आतली बाजूसुद्धा. स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवलं की पुढच्या टायरची आतली बाजू बऱ्यापैकी दिसते. साइडवॉलला फुगा आलाय का? खड्ड्यात आपटल्यावर आतले दोरे तुटतात आणि तिथे टेंगूळ येतं. फुगा दिसला तर चर्चा नाही, तो टायर गेला, त्याच्यावर हायवेला जायचं नाही आणि पंक्चरवाला "चालतंय अजून" म्हणाला तरी ऐकायचं नाही. नक्षीवरून तळहात फिरवा, एखाद्या ठिकाणी उंच-सखल लागतं का बघा, असं असेल तर आतला पट्टा सुटलेला असू शकतो. नक्षीच्या खाचांमध्ये छोटे रबरी उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं म्हणजे १.६ मिलिमीटरच उरलं, टायर गोटा झाला.

टायरचं वयपण बघा. साइडवॉलवर शेवटी चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. सेकंड हँड गाडीवर नक्षी भरपूर असते आणि आपण खूश होतो, पण गाडी फारशी फिरलेलीच नसते, टायर आठ-नऊ वर्षांचा दगड झालेला असतो. गाडी महिनाभर एका जागी उभी होती का तेही आठवा, टायर खालून चपटा बसतो आणि पहिले काही किलोमीटर थरथर येते, टायर गरम झाले की बहुतेकदा जाते.

रिमवर बघा वजनं आहेत का. लोखंडी रिमला कडेला ठोकून बसवलेली असतात, अलॉयला आतून चिकटवलेली. एखाद्या जागी गोंदाचा चौकोनी डाग आहे आणि वजन नाही म्हणजे ते पडलंय. आणि आतून चिखल, डांबर, सिमेंट काही चिकटलंय का. वॉशिंग सेंटरवाले रिमचा बाहेरचा भाग चकाचक करतात, आतल्या बाजूला प्रेशर मारा म्हणून सांगावं लागतं. पावसाळ्यात पानशेत, मुळशी, ताम्हिणी कुठूनही आलात तर हे आधी करा, पैसे वाचतील (मी सांगतोय).

चाक उचलून

हे सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून, गाडी गिअरमध्ये टाकून, विरुद्ध बाजूच्या मागच्या चाकाला पुढून-मागून विटा लावून. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, कधीच नाही. पुढचंच चाक उचला. बहुतेक गाड्यांना हँडब्रेक मागे लागतो आणि मागचं चाक उचललं की ती पकडच निम्मी होते.

पुढचं चाक उचललं की वर आणि खाली, घड्याळातल्या १२ आणि ६ वर, दोन्ही हाताने धरून हलवा. खटखट प्ले आला तर व्हील बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. मग ९ आणि ३ वर धरून हलवा, तिथे प्ले असेल तर टाय रॉड एंड नाहीतर स्टेअरिंगची रॅक. बेअरिंग गेलं असेल तर चालवताना घूऽऽ असा आवाजपण येतो आणि लांब वळणावर तो बदलतो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, ढिला टाय रॉड किंवा मेलेलं बुश (सांध्यातलं रबर) सहसा स्वतः थरथर निर्माण करत नाही, चाकाची छोटी थरथर तो मोठी करून हातापर्यंत पोचवतो. त्यामुळे तो बदलल्यावर थरथर थोडी कमी होते आणि आपल्याला वाटतं झालं काम, पण मूळ तसंच. माझं नेमकं हेच झालं होतं.

आता गाडी न्यूट्रलला घेऊन चाक हाताने हळू फिरवा (दुसऱ्या बाजूच्या विटा आणि हँडब्रेक आहेत ना ते परत बघून). एका विटेवर स्क्रू ड्रायव्हर आडवा ठेवा, टोक रिमच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटरवर. फिरताना हे अंतर सगळीकडे सारखं राहिलं पाहिजे. एका जागी रिम टोकाला टेकते आणि दुसरीकडे लांब जाते, म्हणजे रिम बेंड आहे. तसंच टायरवरही करा. मशीनवर बॅलन्सिंग शून्य दाखवूनसुद्धा थरथर जात नाही अशा गाड्यांमध्ये बऱ्याचदा हे निघतं, कारण वजनं लावून वाकडं चाक गोल होत नाही.

चाकाच्या मागे अ‍ॅक्सलला काळं रबरी बूट असतं, ते फाटलंय का आणि रिमच्या आत ग्रीस उडालंय का बघून घ्या. ग्रीस गेलं की जॉइंटमध्ये पाणी-माती जाते. बाहेरचा जॉइंट गेला की स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना कट्कट्कट् वाजतो, आतला गेला की वर सांगितलेली अ‍ॅक्सिलरेटरवाली थरथर.

अजून शंका असेल तर माझा सगळ्यात आवडता उपाय, फुकटातला: त्याच बाजूचं पुढचं चाक मागे आणि मागचं पुढे लावा, एकावेळी एकच बाजू. परत त्याच रस्त्यावर त्याच स्पीडला जा. थरथर स्टेअरिंगमधून सीटमध्ये गेली तर चोर सापडला, तेच चाक. काहीच फरक पडला नाही तर दुसरी बाजू. मागे-पुढे वेगळ्या साइजचे टायर असले तर हे करू नका, आणि छोटी स्टेपनी लावून तर अजिबातच नको, तिच्यावर लिहिलेलं असतं ८० च्या वर जाऊ नका आणि आपल्याला तर ९० ला टेस्ट करायचीय.

बाजारातून अलॉय घातलेत त्यांच्यासाठी एक ओळ. नाना पेठेतून घ्या नाहीतर कुठूनही, अशा बऱ्याच रिमचं मधलं भोक तुमच्या हबपेक्षा (चाक ज्यावर बसतं तो गाडीकडचा भाग) मोठं असतं कारण एकच रिम चार गाड्यांना विकायची असते. मधली मोकळी जागा भरायला रिंग लागते, ती नसेल तर चाक केसभर बाजूला बसतं आणि दहा वेळा बॅलन्सिंग केलं तरी थरथर राहते.

ब्रेकवाली थरथर

सगळे म्हणतात "डिस्क बेंड झाली". खरं तर डिस्क ताटासारखी वाकत नाही, तिची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही, आणि हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असला तरी पायाला आणि हाताला कळतो. पॅड जाड जागेवर आलं की पकड वाढते, पातळवर आलं की सुटते, म्हणून स्टेअरिंग हलतं आणि पेडलपण पायाखाली वरखाली होतं.

आता हे होतं कसं. सिंहगडावरून पूर्ण उतार ब्रेकवर पाय ठेवूनच उतरायचा, डिस्क तापून लाल व्हायच्या बेतात, आणि खाली गोळेवाडीत गर्दीत अडकलं की ब्रेक दाबून दहा मिनिटं उभं राहायचं. तापलेलं पॅड एकाच जागी दाबून धरलं की त्याचा थर डिस्कवर छापला जातो, आणि मग त्या जागी पकड वेगळी. त्यामुळे घाट ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे सहसा सेकंड गिअरमध्ये, ब्रेक थोडा मारा आणि सोडा, आणि खाली आल्यावर सपाट जागी हँडब्रेकवर उभे राहा. उतरून लगेच डिस्कवर गार पाणी मारणारे लोकही मी बघितलेत, ते तर नकोच.

दुसरं कारण कुणी सांगत नाही, ते म्हणजे चाकाचे नट. एक नट गच्च आणि शेजारचा हलका, असं आवळलं की डिस्क हबवर तिरकी बसते, पुढच्या काही हजार किलोमीटरमध्ये एकाच जागी झिजते आणि मग ब्रेक मारला की थरथर. पंक्चरवाल्याने एअर गन लावून घर्रर्र केलं की चांगलं वाटतं, पण आपण नंतर पाना घेऊन समोरासमोरचे नट एकाआड एक आवळलेले बरे. डिस्क आणि हबच्या मध्ये गंज असला तरी हेच होतं, नवी डिस्क टाकताना हब तारेच्या ब्रशने घासून घ्यायला सांगा.

डिस्क लेथवर घासून मिळते, पण कमीत कमी जाडी किती ते डिस्कवरच कोरलेलं असतं, त्याच्या खाली जात असेल तर घासायची नाही, नवीनच. आणि दोन्ही बाजूंची एकत्र, पॅडसकट.

जोरात ब्रेक मारल्यावर पेडल कर्रर्र करून पायाला धक्के देतं, विशेषतः ओल्या रस्त्यावर किंवा खडीवर, ते एबीएस आहे (चाक जाम होऊ नये म्हणून ब्रेक आपोआप धरणारी-सोडणारी यंत्रणा), दुखणं नाही. नवीन लोक यालाच घाबरून गॅरेजात येतात.

दुकानात गेल्यावर

आता तुमच्याकडे वाक्य तयार आहे. "काका, पुढच्या चाकात आहे, ८५ ला सुरू होतं, ९५ ला जास्त, ब्रेकशी संबंध नाही, अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी राहतं, चाक मागेपुढे करून बघितलंय, डावं पुढचं आहे." असं बोललात की समोरचा माणूस एकदम वेगळ्या नजरेने बघतो आणि लोअर आर्मचा विषय निघतच नाही.

क्रम असा ठेवा की स्वस्त आणि शक्य ते आधी: रिम साफ, हवा, बॅलन्सिंग, मग रिम-टायर, मग डिस्क, आणि सगळ्यात शेवटी जॉइंट-बुश. प्ले हाताला लागला असेल तर अर्थातच तो पार्ट आधी, तो सेफ्टीचा प्रश्न आहे. चार चाकांचं बॅलन्सिंग काही शे रुपयांत होतं, लोअर आर्म आणि रॅकचं बिल हजारांत जातं.

बॅलन्सिंग करताना मशीनजवळ उभे राहा, कुणी हाकलत नाही. जुनी वजनं काढली का, रिम आतून पुसली का, आणि शेवटी परत फिरवून दोन्ही बाजूला शून्य आलं का. एका चाकाला खूपच वजन मागत असेल, समजा ८०-१०० ग्रॅम, तर वजनं चिकटवत बसू नका, टायरची हवा काढून तो रिमवर अर्धा फिरवून परत बसवायला सांगा, बऱ्याचदा निम्म्यावर येतं. आणि अलाइनमेंट हा वेगळा विषय आहे. गाडी एका बाजूला ओढते किंवा टायर एकाच कडेने खातंय तर अलाइनमेंट, थरथर मात्र त्याने जात नाही. दोन्ही एका बोर्डावर एका पॅकेजमध्ये लिहिलेलं असतं म्हणून आपल्याला ते एकच वाटतं.

काम झालं की त्याच रस्त्यावर त्याच स्पीडला परत जाऊन बघा, सोसायटीच्या गेटपर्यंत चक्कर मारून "मस्त झाली" म्हणू नका. चाकं काढलेली आहेत तर ५०-१०० किलोमीटरनंतर गाडी थंड असताना नट एकदा परत आवळायचे. गाडीतला तो छोटा पाना यासाठी पुरतो, फक्त त्याच्यावर उभं राहून आवळू नका, हाताच्या जोराने बस.